मांडव उतरल्यावर काय उरते?

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, पालख्या परतीच्या वाटेला लागतात आणि पंढरपूर रिकामे होऊ लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात गेले तर वेगळीच वारी दिसते. हातात खराटे, पाठीशी ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि पुढे ओल्या वाळूत रुतलेल्या पत्रावळ्या, नारळाच्या शेंड्या, फाटकी प्लॅस्टिकची इरली, एकट्या पडलेल्या चपला. हे झाडणारे हात सगळे पंढरपूरचे नसतात. वारीसाठी आसपासच्या नगरपरिषदांचेही कर्मचारी बोलावलेले असतात, आणि गावची यात्रा संपली तरी त्यांची संपलेली नसते.

2011च्या जनगणनेत पंढरपूरची लोकसंख्या 99 हजारांच्या जवळ होती. आषाढीला येणारे भाविक दहा लाखांच्या पुढे. हिशेब सोपा आहे: चौघांच्या घरात चाळीस पाहुणे, तेही एकाच आठवड्यात, आणि कमी-अधिक गर्दीने वर्षातून चार वेळा, कारण कार्तिकी, माघी आणि चैत्रीही आहेतच. घरात नळ एक आणि न्हाणीघरही एकच. पंढरपूरचे हे गणित टोकाचे असले तरी महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक लहान शहराला वर्षातून एकदा तरी ते सोडवावे लागते. कुठे जत्रा असते, कुठे रथोत्सव, कुठे साहित्य संमेलन, तर कुठे फक्त उन्हाळी सुट्टीतले पर्यटक. प्रश्न सगळीकडे सारखाच पडतो. उत्सवासाठी म्हणून ज्या सोयी उभ्या राहतात, त्यातल्या किती मांडव उतरल्यावर गावाच्या पदरात राहतात?

घर केवढे, पाहुणे किती

महाराष्ट्रातले लहान शहर म्हणजे कायद्याच्या भाषेत नगरपरिषद किंवा नगरपंचायत. 1965च्या अधिनियमाने नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार वर्ग पाडले: लाखाच्या वर ‘अ’, चाळीस हजार ते लाख ‘ब’, त्याखाली ‘क’. कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध, अनुदान, मुख्याधिकाऱ्याचा दर्जा हे सगळे या वर्गावर ठरते, आणि वर्ग ठरतो शिरगणतीवर. शिरगणतीत यात्रेकरू नसतात. शिवाय 2021ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आजही नियोजनाच्या फायलींत 2011चेच आकडे फिरत आहेत.

याच कायद्याने नगरपरिषदेची कामे दोन खणांत ठेवली आहेत. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट, गटारे ही बंधनकारक. वाचनालये, उद्याने यांसारखी ऐच्छिक. उत्सव या दोन खणांच्या मधोमध येतो. यात्रा भरवणे बंधनकारक नाही, पण भरलेल्या यात्रेला पाणी पाजणे आणि तिच्यामागे झाडणे बंधनकारक आहे. बहुतेक गावांची ओढाताण इथेच सुरू होते.

आणि ओढाताण हा फार सौम्य शब्द ठरावा अशी उदाहरणेही आहेत. 25 जानेवारी 2005ला वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास माणसे गेली. डोंगरावरचे अरुंद, निसरडे पायरीमार्ग, दुतर्फा दुकानांची दाटी, आणि त्या दिवशी लाखोंची गर्दी. मांढरदेव हे शहर नव्हे, डोंगरावरचे गाव. पण त्या दिवसानंतर यात्रा भरवणाऱ्या सगळ्याच गावांत ‘आजवर काही झाले नाही’ हे उत्तर चालेनासे झाले. आपत्कालीन आराखडा, येण्याजाण्याचे वेगळे मार्ग, रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट हे शब्द यात्रेच्या बैठकांत रुळले ते त्यानंतर.

पंढरपूर: न्यायालयाने उठवलेले गाव

पंढरपुरात गेल्या दहा-बारा वर्षांत झालेला मोठा बदल म्हणजे नदीपलीकडचा तळ. वाळवंटात राहुट्या पडायच्या, तिथेच स्वयंपाक, तिथेच मुक्काम आणि तिथेच प्रातर्विधी. ती घाण उचलायची कोणी, तर पिढ्यान्‌पिढ्या तेच काम माथी मारलेल्या समाजाने. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाने शौचालयांबद्दल प्रशासनाला धारेवर धरले आणि वाळवंटातल्या तंबूंवर मर्यादा घातल्या. मग पैलतीरावरची 65 एकर जागा तयार झाली. कागदोपत्री तिचे नाव ‘भक्तिसागर’, पण रिक्षावाल्यापासून फडकऱ्यापर्यंत सगळे तिला ‘पासष्ट एकर’च म्हणतात. दिंड्यांना आखून दिलेले प्लॉट, पाण्याचे नळ, शौचालये, विजेचे खांब, दवाखाना अशी ती व्यवस्था आहे.

2015पासून पालखी मार्गावर ‘निर्मल वारी’ उपक्रमाची फिरती शौचालये दिसू लागली. मुक्कामाच्या गावांत पहाटे शेताच्या बांधावर जाणारी रांग प्लॅस्टिकच्या केबिनींपुढे उभी राहू लागली. सुरुवातीला वारकरी बिचकले, स्वयंसेवकांनी हातात शिट्ट्या घेऊन त्यांना वळवले, आणि आता दिंडीचे विणेकरीच आधी विचारतात, संडास कुठे आहेत?

इथे मात्र आढाव्याचा पहिला मुद्दा येतो. फिरती शौचालये फिरतीच असतात. पालखी पुढच्या गावाला गेली की केबिनी ट्रकमध्ये चढतात. त्या मुक्कामाच्या गावात बाजाराच्या दिवशी भाजी विकायला येणाऱ्या बाईला वर्षाचे उरलेले दिवस पूर्वीचीच आडोशाची जागा शोधावी लागते. पासष्ट एकर मात्र जागेवर राहते आणि चारही वाऱ्यांना कामी येते. पालखी मार्गाचे चौपदरीकरणही राहते, मग त्यासाठी गेलेल्या जुन्या वडांबद्दल हळहळ वाटली तरी. उत्सवाची खरी कमाई मोजायची तर ती या दोन प्रकारांतल्या फरकाने मोजावी लागेल.

कमाईचा दुसरा अर्थही पंढरपूरला चांगला ठाऊक आहे. 2020 आणि 2021मध्ये करोनामुळे संतांच्या पादुका एसटीने आल्या, वारकरी आले नाहीत. चुरमुरे-बुक्क्याची दुकाने, मठ, खोल्या भाड्याने देणारी घरे, रिक्षा, हारवाले या सगळ्यांचे वर्षाचे गणित त्या दोन आषाढींत कोलमडले. एसटी महामंडळ एरवी आषाढीला पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सोडते. यात्रा म्हणजे गावावरचा बोजा असे म्हणणाऱ्यांनी ती दोन वर्षे आठवावीत.

घंटागाडीपासून सुरुवात

केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांची यादी पाहिली तर महाराष्ट्राने तिथे बाजी मारलेली दिसते. 2020मध्ये पहिले कराड, दुसरे सासवड, तिसरे लोणावळा. 2021मध्ये पहिले विटा. 2022मध्ये पाचगणी. 2023मध्ये सासवड. क्रमवारीत कागदपत्रांना आणि नागरिकांच्या ‘फीडबॅक’लाही गुण असतात, त्यामुळे पहिला नंबर म्हणजे गल्लीगल्ली लखलखीत असे कोणी समजू नये. पण पुन्हापुन्हा तीच चार-पाच नावे येतात, तेव्हा तिथे काही तरी रुजले आहे हे मान्य करावे लागते.

सासवडचेच पाहा. सोपानदेवांची समाधी इथे, त्यांची पालखी इथून निघते. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून येते ती सासवडलाच मुक्कामाला. जानेवारी 2014मध्ये सत्याऐंशीवे साहित्य संमेलनही आचार्य अत्र्यांच्या या गावी झाले. म्हणजे पाहुण्यांची सवय असलेले हे गाव. लाखो माणसे एका रात्रीत येणार, एका पहाटे जाणार, आणि दुपारपर्यंत रस्ते पुन्हा शाळेच्या पोरांसाठी मोकळे हवेत, ही कसरत सासवडच्या अंगवळणी पडलेली आहे. पालखी येते म्हणून गाव स्वच्छ झाले असे सरळ म्हणता येणार नाही. पालखी न येणारी गावेही या यादीत आहेत. पण वर्षातून एकदा होणारी ही रंगीत तालीम कुठल्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा जास्त शिकवत असणार.

वेंगुर्ल्याची गोष्ट उत्सवाच्या उलट्या टोकाची आहे. जेमतेम बारा हजार वस्तीच्या या बंदराच्या गावात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा डेपोचेच पर्यटनस्थळ झाले. नावही तसेच ठेवले, ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’. घरातूनच ओला-सुका वेगळा, आणि डेपोवर त्याचे आणखी वीसहून अधिक प्रकार. बाटलीची झाकणे वेगळी, काच वेगळी, फाटके कपडे वेगळे, थर्माकोल वेगळा. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत, प्लॅस्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात. दुर्गंधीमुळे लोक जिथून नाक दाबून जात, तिथे दुसऱ्या नगरपालिकांचे सदस्य अभ्यासदौऱ्याला येऊ लागले. पुढे कोकरे कर्जतला गेले आणि तिथेही त्यांनी हीच पद्धत राबवली. पाचगणीनेही आपल्या जुन्या डेपोच्या जागी बाग केली.

या यशात एक धोका आहे आणि तो सगळ्याच लहान शहरांत आहे. मुख्याधिकाऱ्याची बदली होते. एका माणसाच्या धडाडीवर उभी राहिलेली व्यवस्था त्याच्यामागे किती चालते, हे त्याच्या निरोपसमारंभाच्या छायाचित्रांवरून कळत नाही. ते कळते सहा महिन्यांनी, घंटागाडीत ओला आणि सुका असे दोन कप्पे अजून आहेत की नाहीत, हे पाहून.

पाणी: मलकापूर आणि मनमाड

सेवांच्या यादीत पाण्याइतकी दरी दुसऱ्या कशातही नाही.

कराडला खेटून असलेल्या मलकापूरने 2009च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केले. त्या वेळी ती नगरपंचायत होती, मोठी महापालिका नव्हे. नव्या जलवाहिन्या, घरोघरी मीटर, आणि जितके पाणी तितके बिल. ठरावीक वापरापर्यंत दर कमी, पुढे चढा. त्याआधी ‘पाणी येणार’ म्हणून पिंपे भरून ठेवायची आणि ‘ताजे पाणी आले’ म्हणून ती ओतून द्यायची ही घरोघरची रीत होती. नळ चोवीस तास सुरू झाल्यावर साठवण आणि ओतून देणे दोन्ही थांबले. चोवीस तास पाणी म्हणजे जास्त पाणी, असे वाटणाऱ्यांना मलकापूरने उलटे उत्तर दिले.

दुसऱ्या टोकाला मनमाड. ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती, देशभरच्या गाड्या जिथे थांबतात असे जंक्शन, आणि उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांआड पाणी. वागदर्डी धरण आटले की गावाच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. लग्नाची तारीख गुरुजींआधी पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला विचारावी, असा तिथला विनोद कोणालाही समजेल. अशा गावात उत्सव म्हणजे टँकर. मंडळ टँकर आणते, समाजमंदिर टँकर आणते, वऱ्हाडाचा टँकर वेगळा. सार्वजनिक सेवा जिथे आटते तिथे सार्वजनिक कार्यक्रमाचा खर्च निम्मा पाण्यावरच जातो.

12 एप्रिल 2016ला मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि त्याच्या स्वागताला माणसे जमली. पाणी येणे हाच समारंभ झाला होता. लातूर महापालिका असली तरी तो प्रसंग लहान शहरांच्या आढाव्यातून वगळता येत नाही, कारण त्या दिवसांत टँकरपुढच्या घागरींच्या रांगा लातूरपासून मनमाडपर्यंत सारख्याच होत्या.

व्याख्यान, वाचनालय, संमेलन

लहान शहराचा उत्सव म्हणजे फक्त जत्रा नव्हे. वाईला कृष्णाबाईचा उत्सव माघ-फाल्गुनात घाटाघाटावर, आळीआळीने पाळीने होतो. कीर्तन, गाणे, प्रसादाच्या पंगती. नदीलाच देवी मानून तिचा उत्सव करणाऱ्या या आळ्यांमध्ये पंगतीचे वाढप अजून घरची माणसे करतात. त्याच वाईत लोकमान्य टिळक ग्रंथसंग्रहालयाची वसंत व्याख्यानमाला शंभरी ओलांडून गेली आहे. मे महिन्यात रोज संध्याकाळी एक व्याख्यान. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875मध्ये पुण्यात सुरू केलेली परंपरा लहान गावाने अशी आपलीशी केली. या दोन्ही गोष्टी नगरपरिषदेच्या जिवावर उभ्या नाहीत, त्या आळीच्या आणि संस्थेच्या जिवावर आहेत. नगरपरिषदेने करायचे ते एवढेच, की ज्या नदीची खणानारळाने ओटी भरायची, तिच्यात गावचे सांडपाणी जाऊ द्यायचे नाही. कृष्णाकाठच्या कोणत्याही गावाने या परीक्षेत आपण पूर्ण उत्तीर्ण आहोत असे म्हणू नये.

महाराष्ट्रातली जुनी सार्वजनिक वाचनालये मुळात लहान शहरांचीच देणगी आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828चे, नगरचे 1838चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840चे. ती निघाली तेव्हा ही सगळी गावेच होती. 1967च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदान सुरू झाले. पण 2012नंतर वाढ मिळायला 2022 उजाडले, तेव्हा कुठे 60 टक्के वाढ झाली. ग्रंथपालाचा पगार म्हणजे अजूनही मानधनाच्या पातळीवरची रक्कम. सांगलीच्या 2019च्या महापुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली, तेव्हा कळले की गावाच्या ठेव्याला साधा वरचा मजलासुद्धा मिळालेला नसतो.

याच्या शेजारी साहित्य संमेलन ठेवून पाहावे. 2022ला उदगीर, 2023ला वर्धा, 2024ला अमळनेर, अशी संमेलने लहान शहरांकडे वळली ही चांगलीच गोष्ट आहे. अमळनेर हे साने गुरुजींचे, प्रताप महाविद्यालयाचे, 1916मध्ये उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान केंद्राचे गाव. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा खानदेश लोटतो. म्हणजे गर्दी सांभाळायची सवय इथेही होती. संमेलनाने तीन दिवस गाव गजबजले, पुस्तके खपली, घराघरांत पाहुणे उतरले. शासनाचे संमेलनासाठीचे अनुदान दोन कोटींवर गेले आहे. गावातल्या लहान वाचनालयाच्या चालकाला विचारले, तर त्यातल्या एका टक्क्यात म्हणजे दोन लाखांत आपण काय काय करू, याची यादी तो उभ्याउभ्या सांगेल. संमेलन घेणाऱ्या प्रत्येक शहराने या दोन खर्चांना एकमेकांशी बांधून घ्यायला हवे होते. ते झालेले दिसत नाही.

वर्गणी आणि घरपट्टी

पैशाचे काय, हा प्रश्न शेवटी येतोच. नगरपरिषदांची जकात 1999मध्ये गेली. तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले आणि हाती उरले घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी. घरपट्टीची चतुर्थ वार्षिक आकारणी आली की मोर्चे निघतात, हरकती पडतात, आणि बऱ्याचदा वरून स्थगिती येते. त्याच गावात गणपतीची वर्गणी चार दिवसांत गोळा होते. हे लोकांच्या दुटप्पीपणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, पण तसे ते नाही. वर्गणीचा मांडव डोळ्यांपुढे उभा राहतो, जेवणावळ होते, हिशेब फलकावर लागतो. घरपट्टी कुठे जाते ते दिसत नाही. मलकापुरात मीटरचे बिल लोक भरतात, कारण नळ उघडला की पाणी दिसते.

2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने काही गोष्टी बदलल्या. दाखला, नळजोडणी, परवाना यांना मुदत लागली. मुदत चुकली तर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. पण तो कायदा कागदाच्या खिडकीपुरता आहे. तुंबलेल्या गटाराला किंवा न आलेल्या पाण्याला त्यात खिडकी नाही. तिथे नगरसेवकच लागतो. आणि नेमका तोच कित्येक शहरांत वर्षानुवर्षे नव्हता. 2022च्या आसपासपासून प्रशासकांनीच कारभार पाहिला. त्या काळातही मंडप उभे राहिले, महोत्सव झाले, फलक लागले. फक्त सभागृहात उभे राहून ‘यावर खर्च किती आणि त्यातले टिकाऊ किती’ हे विचारणारे कोणी नव्हते. डिसेंबर 2025मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि थेट निवडून आलेले नगराध्यक्ष पुन्हा खुर्चीत बसले.

तेव्हा हा आढावा वाचणाऱ्यांनी एक करावे. आपल्या नगरपरिषदेचा अर्थसंकल्प हा सार्वजनिक कागद आहे, तो मागून घ्यावा. त्यात यात्रा, उत्सव, महोत्सव या नावाखाली किती रक्कम आहे ते पाहावे आणि आपल्या वॉर्डाच्या सदस्याला एवढेच विचारावे, की यातले नळ, शौचालये, दिवे आणि रस्ते दुसऱ्या दिवशी जागेवर राहणार आहेत का. त्र्यंबकेश्वरच्या लोकांना तर हे आताच विचारायला हवे. 2011ला त्यांच्या गावची वस्ती सुमारे 12 हजार होती, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याचे पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027ला आहे.